हौशाची मान

वनमाला मला पहिल्यांदा भेटली ती एका मेलेल्या मेंढीपाशी. मी तेव्हा घाटनांदूरच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. तिचे वडील आसाराम मेंढरं राखायचे. एका दिवसात चार मेंढ्या गेल्या म्हणून ते मला माळावर घेऊन गेले होते. मेंढी कशानं गेली ते पाहायला मी सुरी चालवत होतो. नववीतली ती पोरगी नाकाला ओढणी लावून लांब उभी राहील असं मला वाटलं होतं, पण ती पुढंपुढंच सरकत होती. मी मेंढीचा पुढचा पाय खांद्यासकट सोडवला तेव्हा ती म्हणाली, "हे हाड तर कुठं जोडलेलंच न्हाई. नुसतं मासानं धरलंय."

मी हातातली सुरी थांबवली. खांद्याचं हाड बरगड्यांना हाडानं जोडलेलं नसतं, हे कॉलेजात दोन दोन वर्षं बसलेल्या पोरांना परीक्षेच्या आदल्या दिवशीही धड सांगता येत नाही. ही पुढं म्हणाली, "म्हणून व्हय चालताना मेंढीचे खांदे पाठीच्या वर येतात अन् परत खाली जातात." त्या दिवशी माझ्याकडचं जनावरांच्या शरीररचनेचं जुनं पुस्तक मी तिला आठ दिवसांसाठी दिलं. ते अजून परत आलेलं नाही, आणि आता मी मागतही नाही.

ही पोरगी चित्रं काढायची. चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा पास झाली आणि औरंगाबादला कला महाविद्यालयात गेली. औरंगाबादचं तेव्हा संभाजीनगर व्हायचं होतं. तिथं तिला मातीकाम शिकवलं, उजेड-सावली शिकवली, साचे काढायला शिकवलं. सुट्टीत गावी आली की ती आधी माझ्या दवाखान्यात यायची आणि विचारायची, "डॉक्टरसाब, एखादं बैलाचं मांडीचं हाड हाय का?" लोक डॉक्टरकडं औषध मागतात, ही हाडं मागायची. मीही चिडचिड करत द्यायचो. ती हाडं उकळायची, चुन्याच्या पाण्यात घासायची, तारेनं जोडायची. तिच्या कॉलेजातल्या एका सरांनी म्हणे तिला विचारलं होतं की तू शिल्पकार होणार की खाटीक. आसारामच्या पोरीला असल्या बोलण्यानं काही होत नाही. तिनं उत्तर दिलं होतं, "सर, खाटकाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

लग्न घाटनांदूरच्याच अंगदशी झालं. अंगदचं वेल्डिंगचं दुकान होतं. लोखंडी दारं-खिडक्या करणाऱ्या माणसाला बायकोनं वर्षभरात सळ्यांचे सांगाडे करायला लावलं. आज स्टेशन रोडला त्यांचं मोठं पत्र्याचं शेड आहे. बाहेर पाटी आहे, 'वनमाला शिल्पालय'. खाली लहान अक्षरांत अंगदच्या वेल्डिंगचंही नाव आहे, आणि त्यावरून मी त्याला चिडवल्याशिवाय तिथला चहा पीत नाही.

तिची कामाची रीत ठरलेली. आधी हाड, मग मास, मग कातडं. कुठलीही मूर्ती ती वरून घडवत नाही. सळईचा सांगाडा करताना गुडघा खऱ्या गुडघ्याच्या जागी येतो, कोपर कोपराच्या. त्यावर जाळी, जाळीवर एकेक स्नायू, अन् सगळ्यात शेवटी कातडीचा पातळ थर. सिमेंटमध्ये ती परळीच्या वीजकेंद्राची राख मिसळते. परळीच्या लोकांना ती राख डोळ्यांत गेलेली माहीत, हिनं तिचा उपयोग शोधला. राख मिसळली की माल गुळगुळीत होतो, उशिरा घट्ट होतो आणि तडे कमी जातात. किती राखेला किती तास मिळतात, हे तिनं डब्याडब्यांत माल ओतून, वाळवून, हातोड्यानं फोडून वहीत लिहून ठेवलंय. मी ती वही पाहिली आहे. माझ्या सरकारी नोंदवह्यांपेक्षा नीटनेटकी आहे.

तिची पहिली नावाजलेली मूर्ती बसलेल्या मेंढीची. गावातल्या शहाण्यांनी चूक काढली की खालचा जबडा वाकडा झालाय. खरंच तो डावीकडं सरकलेला होता. पोरीनं कुणाला काही सांगितलं नाही. दोन दिवसांनी हरिबा नावाचा म्हातारा मेंढपाळ आला, बघितलं आणि म्हणाला, "रवंथ करतीया." तेवढ्यावर शहाणे गप्प बसले. तिच्या मूर्तीला पाहून कुत्री भुंकतात असंही लोक सांगतात. मी असलं काही पाहिलेलं नाही आणि जे पाहिलेलं नाही ते मी लिहिणार नाही.

आता हौशाचं सांगतो.

घाटनांदूरपासून दोन कोसांवर एक वाडी आहे. तिथले बद्रीनाथ तात्या जुने शेतकरी. हौशा त्यांचा लाल कंधारी बैल. गर्द लाल रंग, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी कड, रुंद कपाळ. तीन वर्षं लागोपाठ जनावरांच्या प्रदर्शनात पहिला आला. लम्पीच्या साली तो गेला. सात दिवस मी रोज जात होतो आणि मला तो वाचवता आला नाही. नोकरीत माझ्या हातून पुष्कळ जनावरं गेली, पण त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तात्यांनी त्याला स्वतःच्या रानात लिंबाखाली पुरलं. घुंगुरमाळ गळ्यात तशीच ठेवली. डोक्याचे केस उतरवले, दहाव्याला गाव जेवू घातलं. तिसऱ्या वर्षी वाडीनं ठरवलं की चौकात हौशाचा पुतळा बसवायचा. पुढाकार बबनरावांचा. बबनराव म्हणजे माजी जिल्हा परिषद सदस्य, आणि माजी झाल्यापासून जास्तच उत्साही. बैठकीत त्यांनी मोबाईलवर एक फोटो फिरवला. फायबरचा तयार बैल, नाकपुड्या फुगलेल्या, छाती पहिलवानासारखी, रंग काळा. "लाल रंग मारून देतेत," ते म्हणाले. "आठ दिवसांत दारात."

वनमाला त्या बैठकीत होती. ती उठली आणि शांतपणे म्हणाली, "हा बैल कुणाचाच न्हाई. असा बैल जन्माला आला तर डॉक्टरसाबांना बोलवावं लागंल. मी हौशा करते. हौशाच."

"अन् न्हाई झाला तर?" बबनरावांनी विचारलं.

"बद्रीतात्यांनी वळखला न्हाई तर माझ्या हातानं फोडते. अन् शेडवरची पाटी उतरवते."

अंगद शेजारी बसला होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मी घरी जाताना तिला रागावलो. काम घ्यावं, पण पंधरा वर्षांत कमावलेलं नाव असं भर बैठकीत पणाला लावावं का? ती म्हणाली, "डॉक्टरसाब, कावून घाबरता? बैल हाय त्यो. चार पाय अन् एक मान."

फोटो गोळा करायला गेलो तेव्हा पहिली अडचण आली. हौशाचे फोटो चिक्कार होते, पण सगळे पोळ्याचे नाहीतर प्रदर्शनाचे. अंगावर पायापर्यंत झूल, कपाळाला बाशिंग, मानेत हार, आणि पुढं बबनराव उभे. बैलाचा बैल असा कुठं दिसतच नव्हता. एका फोटोत शेपटी तेवढी स्वच्छ आली होती.

मग वनमालानं मला बरोबर घेतलं आणि आम्ही तात्यांच्या घरी गेलो. तात्या ओसरीवर बसले होते. तिनं आडपडदा न ठेवता विचारलं, "तात्या, तीन वर्षं झाली. आता नुसती हाडं असतील. मला दोन दिवस मापं घेऊ द्या, परत होती तशी मातीआड करते."

आतून तात्यांच्या बायकोचा, बायनाबाईंचा आवाज आला. "पोरी, ह्यांनी डोकं भादरलंय त्याच्यासाठी. तुझ्या घरातलं माणूस उकरून दितीस का तू?"

वनमाला म्हणाली, "न्हाई देणार, मावशी. चुकलं माझं." मला वाटलं, संपलं. पण ती तिथून हलली नाही. "मग त्याची दावण तेवढी दावा मला. त्याला जिथं बांधायचे ती जागा."

बायनाबाईंनी दावली. तात्या मात्र गोठ्यात आले नाहीत. हौशा गेल्यापासून ते त्या गोठ्यात पाऊलच टाकत नव्हते.

त्या गोठ्यात तिनं जे केलं ते पाहून मला माझ्या शिक्षणाची लाज वाटली आणि तिच्या शिक्षणाचा अभिमानही वाटला. मेढीच्या, म्हणजे गोठ्याच्या खांबाच्या लाकडावर एक जागा काळी, तुकतुकीत झाली होती. हौशा तिथं अंग घासायचा. तिनं जमिनीपासून त्या चकाकीची उंची घेतली. गव्हाणीची कड एके ठिकाणी गुळगुळीत झिजली होती. तिथं त्याचा गळा टेकायचा. तेही माप घेतलं. भिंतीला खिळ्यावर त्याचे जुने नाल लटकवले होते. तिनं ते खाली फरशीवर मांडले आणि मला विचारलं, "मागच्या डाव्या पायाचा नाल बाहेरून जास्त का झिजलाय?" मी पाहिलं. खरंच झिजला होता. म्हणजे तो उभा राहताना त्या पायावर भार बाहेरून टाकायचा. आठ वर्षं मी त्या बैलाला तपासलं आणि मला हे माहीत नव्हतं.

मीही माझा वाटा उचलला. औषधाचा डोस काढायला आम्ही बैलाचं वजन टेपनं काढतो, छातीचा घेर आणि अंगाची लांबी मोजून. माझ्या जुन्या डायऱ्यांत हौशाची ती दोन्ही मापं सापडली. तिनं ती वहीत उतरवली तेव्हा तिचे डोळे लहान पोरीसारखे चमकले. "धड मिळालं," ती म्हणाली. "आता मान."

मान म्हणजे बैलाची खरी ओळख. आणि मानेसाठी होतं जू. ज्या लाकडी आडव्या जुवाखाली हौशा आणि त्याचा जोडीदार नगऱ्या चालायचे ते गोठ्याच्या आढ्याला टांगलेलं होतं. दोन्ही टोकांना बैलांच्या मानांनी लाकूड झिजून खोबणी पडलेल्या. "हौशा कोण्या अंगाला चालायचा, मावशी?" तिनं विचारलं. "उजव्या," बायनाबाई म्हणाल्या. वनमालानं उजव्या टोकाच्या खोबणीत ओली माती दाबली, साचा काढला, आणि त्यावरून मानेच्या माथ्याची रुंदी, जाडी, उतार, सगळं बसवलं. मी शेजारी उभा राहून मान डोलावली.

पुढचे तीन महिने शेडमध्ये दुसरं काम नव्हतं. अंगदनं सांगाडा उभा केला. एकेक सांधा ती त्याच्याकडून दोनदा-तीनदा कापून पुन्हा जोडून घ्यायची, आणि तो गरीब माणूस तोंडातून ब्र न काढता जोडायचा. मग मास चढू लागलं. मी रोज संध्याकाळी जायचो. वशिंड उभं राहिलं. गळ्याखालची पोळी लोंबायला लागली, तिच्या घड्या एकसारख्या नाहीत, जशा नसतातच. डावा कान जरासा मागं वळलेला, कुणीतरी हाक मारल्यासारखा. आणि पुढच्या खांद्यावर तिनं कातडीला एक बारीक लहर दिली होती. बैलाच्या अंगावर माशी बसली की तेवढीच कातडी थरथरते, ती लहर. मी ती पाहिली आणि अंगदला म्हणालो की तुझी बायको आता आपल्या दोघांनाही खुळं करणार.

तात्या आले त्या दिवशी शेडमध्ये पन्नासेक माणसं होती. बबनराव पुढंच. तात्या धोतर सावरत आत आले आणि थेट मागच्या बाजूला गेले. बैल बघणारा माणूस मागून सुरुवात करतो. शेपटीचा गोंडा बघितला. मागच्या डाव्या पायाशी खाली बसले, खुरावर हात ठेवला, "हां" म्हणाले. उठून पोटाकडं आले, पुन्हा "हां". तोवर बायनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला होता. त्यांनी केव्हाच ओळखला होता. मला वाटलं झालं, जिंकली पोरगी.

तात्या मानेपाशी आले. हात टाकला. आणि हात तसाच राहिला. बराच वेळ. मग त्यांनी तो काढून घेतला.

"ही मान त्याची न्हाई," ते म्हणाले.

बबनरावांनी तेवढी संधी साधली. "मी आदीच म्हणलो होतो, फायबरचा..." त्यांचं वाक्य कुणी ऐकलं नाही.

वनमाला पुढं आली. "तात्या, कुणाची हाय मग?"

"निम्मी नगऱ्याची हाय. तू कशावरून घेतलीस?"

"जुवावरून. उजव्या टोकाची. हौशा उजव्या अंगाला चालायचा ना."

तात्या म्हणाले, "पोरी, जू आमी दर पाडव्याला फिरवून घेतो. एका टोकाचं दुसरीकडं. न्हाईतर एकाच अंगानं लाकूड खचतंय. एक साल ह्या टोकाखाली हौशा, एक साल नगऱ्या. दोघांच्याबी माना दोन्हीकडं हायत."

वाडीतलं शेंबडं पोरही हे सांगू शकलं असतं. पण वनमाला मेंढरांच्या घरची, तिनं जन्मात जू धरलं नव्हतं. आणि मी, चाळीस वर्षं बैलांना सुया टोचणारा, मीही एकदासुद्धा बैल जुंपले नव्हते. आम्ही दोघांनी मिळून अगदी शास्त्रशुद्ध चूक केली होती. मला जमीन दुभंगावी असं वाटलं.

"लाकडाला इचारलं," वनमाला हळू म्हणाली, "अन् माणसाला इचारलं न्हाई." मग ती कोपऱ्यात गेली आणि घण उचलून आणला. अंगदनं तोंड फिरवलं. मी "अगं थांब" म्हणालो, पण माझं ऐकायची तिला कधी सवयच नाही. तिनं घण खांद्यावर घेतला.

"कावून उचललास त्यो?" तात्यांनी विचारलं.

"शब्द दिलाय, तात्या. तुमी वळखला न्हाई तर फोडीन म्हणले होते."

"मग ठिव खाली. मी एकाच्या जागी दोन वळखले."

घण खाली आला तो तिच्या हातातून जवळजवळ निसटूनच. तात्या तोवर पुन्हा मूर्तीकडं वळले होते. त्यांचा हात मानेवर फिरत होता आणि आता ते कुणाशी बोलत नव्हते, नुसते बोलत होते. "हौशाचा दहावा घातला. नगऱ्याला जोड मिळंना म्हणून त्याला बाजार दावला. सात सालं त्यानंबी ओढलं. दावं दुसऱ्याच्या हातात दिलं अन् मी मागं वळून बघितलंबी न्हाई." ते रडले. चारचौघांत, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत रडले, आणि मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. थोड्या वेळानं ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता अशीच मान. तेवढा तरी ऱ्हाईल नगऱ्या."

कुणीही हो म्हणालं असतं. शब्द वाचला होता, पाटी वाचली होती, म्हाताऱ्याची इच्छाही तीच होती. वनमालानं मान हलवली.

"न्हाई, तात्या. हौशा हौशाच पायजे. नगऱ्या मी शेजारी उभा करते, त्याच्या अख्ख्या मानेचा. पण ही मान खोटी हाय. मी खोटी ठिवत न्हाई."

आणि तिनं छिन्नी-हातोडा घेऊन तीन महिन्यांची मान जाळीपर्यंत उतरवली. पन्नास माणसांसमोर. तुकडे पडत होते आणि ती जराही चिडलेली नव्हती, उलट आता तिला पुढचं काम दिसत होतं. अंगदनं न सांगता माल कालवला.

"तात्या," ती म्हणाली, "संध्याकाळी रानातून आल्यावर तुमी त्याच्या मानेवर हात टाकून उभं ऱ्हायचा, असं मावशी म्हणल्या. तसा टाका."

तात्यांनी उजव्या बाजूला उभं राहून जाळीवर हात टाकला. हात खाली गेला, पोकळीत. ती म्हणाली, "न्हाई, खाली नका सोडू. त्याच्यावर असायचा तेवढा वर धरा." म्हाताऱ्यानं डोळे मिटले. हात हळूहळू वर आला, थोडा मागं सरकला, आणि थांबला. ती त्या हाताखाली माल भरत गेली. "आणिक," तात्या म्हणायचे. "जरा पुढं. इथं जाड व्हता." ती हाड बघायची, मानेवरून जाणारा जाड बंध कुठून जातो ते बघायची, आणि तात्यांचा हात बघायची. दोन्ही एका जागी आले की पुढं सरकायची. हे दोन तास चाललं. म्हातारा हात हलवायला तयार नव्हता. शेवटी तो म्हणाला, "हां. आता आला."

"हात काढा, तात्या."

"थांब जरा," ते म्हणाले. आणि ती थापी हातात घेऊन उभी राहिली, त्यांचं होईपर्यंत.

हौशा आता वाडीच्या चौकात आहे. नगऱ्याचा सांगाडा शेडमध्ये उभा आहे. त्याच्या नव्या मालकाला तिनं शोधून काढलं आणि गेवराईकडं जाऊन जित्या बैलाची मापं घेऊन आली, यावेळी आधी माणसाला विचारून. परवा मी चौकात गेलो होतो. ऊन तिरपं होतं, म्हणून मला पहिल्यांदाच दिसलं की हौशाच्या मानेवर उजवीकडं एक उथळ पन्हळ राहिली आहे, कोपरापासून मनगटापर्यंतची. तिनं ती भरून घेतलेली नाही. मी तडक स्टेशन रोडला गेलो आणि तिला पकडलं. म्हणालो, माझं पुस्तक तुझ्याकडं आहे, काढ आणि दाखव, कुठल्या बैलाच्या मानेवर हाताएवढा खळगा असतो ते. खोटं ठेवत नाही म्हणणारी तू.

ती नगऱ्याच्या बरगड्या बांधत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"हौशाला व्हता, डॉक्टरसाब," ती म्हणाली.